२-२ असूनही हार : हौशी जिउ-जित्सू स्पर्धा नेमकी कशी चालते

माझ्या पहिल्या जिउ-जित्सू स्पर्धेत पाच मिनिटे संपल्याची घंटा झाली, तेव्हा मी प्रतिस्पर्ध्याच्या वर होतो आणि फलकावर दोघांच्याही नावापुढे २ हा आकडा होता. पंचांनी आम्हा दोघांचे मनगट धरून मध्यभागी उभे केले आणि हात त्याचा उंचावला. काही क्षण मला वाटले की पंचांची गफलत झाली आहे. गफलत माझीच होती. फलकावर मोठ्या आकड्याशेजारी एक लहान रकाना होता, त्यात त्याच्या नावापुढे १ होता आणि माझ्या नावापुढे ०. शेवटचे दीड मिनिट मी त्याला घट्ट दाबून, काहीही न करता, समाधानाने काढले होते, कारण सामना बरोबरीत आहे आणि मी वर आहे, म्हणजे निकाल माझ्याकडेच झुकेल, असा माझा भाबडा समज होता. वर्षभराच्या सरावाने मला बरेचसे डाव येऊ लागले होते, पण फलक वाचता येत नव्हता. हौशी स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्या अनेकांची हीच अडचण असते, म्हणून या खेळाची मोजणी कशी चालते आणि तिच्यामागचा तर्क काय आहे, हे येथे सविस्तर सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आज ज्याला ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणतात, त्याचे मूळ जपानी ज्युदोमध्ये आहे. मित्सुयो माएदा हा ज्युदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या कार्लोस ग्रेसीने १९२५ च्या सुमारास रिओ दि जानेरो येथे आपली शाळा काढली, आणि कार्लोस, त्याचा धाकटा भाऊ एलिओ व पुढे सारे कुटुंब यांनी जमिनीवरच्या लढतीवर भर देत या विद्येला वेगळे वळण दिले. वळण म्हणजे काय, ते कुस्तीशी तुलना केली की चटकन लक्षात येते. कुस्तीत चीत झाला की खेळ आटोपतो, जिउ-जित्सूत मात्र पाठ टेकल्यावर खऱ्या अर्थाने खेळ सुरू होतो. खाली पडलेला माणूस हरलेला धरला जात नाही. त्याने दोन्ही पायांनी वरच्याला अडवून धरले असेल तर त्या स्थितीला गार्ड म्हणतात, आणि गार्डमध्ये असलेला माणूस तितकाच धोकादायक मानला जातो, कारण तेथूनही तो गळा आवळू शकतो किंवा कोपर ताणू शकतो.

सामना वेळेआधी संपवण्याचा मार्ग म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शरणागती पत्करायला लावणे. यासाठी दोन प्रकारचे पेच असतात. पहिल्या प्रकारात एखादा सांधा, बहुधा कोपर किंवा खांदा, त्याच्या नैसर्गिक मर्यादेपलीकडे नेला जातो. दुसऱ्या प्रकारात मानेवर दाब आणला जातो. गळा आवळणे म्हणजे श्वास कोंडणे असे बाहेरच्या माणसाला वाटते, परंतु चांगला लागलेला पेच श्वासनलिकेला फारसा धक्का लावत नाही. तो मानेच्या दोन्ही बाजूंच्या, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या दाबतो, आणि दाब नीट बसला तर साधारण दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. म्हणूनच ‘अजून श्वास घेता येतो आहे, थोडे थांबून बघू’ हा नवशिक्याचा विचार घातक ठरतो. शरण जायचे तर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने स्पष्टपणे दोनतीनदा थापटायचे, हात अडकले असतील तर पायाने थापटायचे किंवा तोंडाने सांगायचे. पेचात असताना वेदनेने ओरडलात, तर पंच तीही शरणागती समजतात आणि सामना तेथेच थांबवतात. ‘मी नुसता ओरडलो, टॅप केले नव्हते’ हा युक्तिवाद चालत नाही, आणि माझ्या मते चालूही नये.

हौशी स्तरावर पुष्कळ सामने मात्र शरणागतीपर्यंत जातच नाहीत आणि त्यांचा निकाल गुणांवर लागतो. बहुतेक हौशी स्पर्धा आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांवर किंवा त्यांच्याशी मिळत्याजुळत्या नियमांवर चालतात, म्हणून तेच नियम येथे आधाराला घेतो. उभ्याने पट काढून किंवा दुसरा कुठलाही डाव टाकून प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले तर २ गुण मिळतात. खाली गार्डमध्ये असलेल्याने वरच्याला उलटवून स्वतः वर येणे याला स्वीप म्हणतात, त्याचेही २. वर असलेल्याने खालच्याच्या पायांचा अडथळा पार करून बाजूला येणे, म्हणजे गार्ड पास करणे, याचे ३. बाजूने पोटावर गुडघा रोवून दाबून धरल्यास २. छातीवर दोन्हीकडे पाय टाकून बसणे, म्हणजे माउंट, याचे ४, आणि पाठीला चिकटून दोन्ही टाचा त्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूने अडकवल्या तर तेही ४.

ही यादी पाठ करण्याची गरज नाही, तिच्यामागचा विचार समजला की आकडे आपोआप लक्षात राहतात. समजा ही स्पर्धा नसून खरोखरची झटापट आहे. माणूस माझ्या छातीवर बसला असेल, तर तो मला मनसोक्त मारू शकतो आणि माझा ठोसा त्याच्यापर्यंत धड पोहोचत नाही. तो माझ्या पाठीला लटकला असेल, तर तो मला दिसतही नाही आणि त्याचे हात माझ्या गळ्यापाशी असतात. या दोन सर्वांत वाईट अवस्था आहेत, म्हणून त्यांना सर्वाधिक गुण. पायांचा अडसर पार करणे ही त्या अवस्थांकडे जाणारी मोठी पायरी आहे, म्हणून तिला ३. नुसते खाली पाडण्याने धोका सुरू होतो, पण पडलेल्याचे पाय अजून मध्ये असतात, म्हणून २. पायरीपायरीने वर जाणाऱ्याला प्रत्येक पायरीचे गुण वेगळे मिळतात: गार्ड पास केला, पोटावर गुडघा रोवला आणि तेथून माउंटवर गेलो, तर ३, २ आणि ४ मिळून अर्ध्या मिनिटात ९ गुण होऊ शकतात. नवशिक्यांचे सामने २-० किंवा ४-२ असे रेंगाळतात आणि कधीकधी अचानक १३-० होतात, त्याचे कारण हेच.

यात दोन अटी आहेत आणि दोन्ही महाग पडतात. पहिली अट अशी की स्थिती ३ सेकंद स्थिर ठेवल्याशिवाय गुण मिळत नाहीत. स्वीप करून वर आलो आणि लगेच पुन्हा उलटलो, तर हाती काही लागत नाही. शिवाय वर असताना माझा हात किंवा मान प्रतिस्पर्ध्याच्या पेचात अडकलेली असेल, तर ती सोडवेपर्यंत गुण थांबून राहतात. दुसरी अट जास्त फसवी आहे. वाईट अवस्थेतून सुटण्याला गुण नाहीत. छातीवर बसलेल्याला उसळून उलटवले आणि आपण वर आलो, तर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण तो स्वीप नव्हे, कारण स्वीपची सुरुवात गार्डमधून व्हावी लागते. म्हणजे माउंट देऊन बसलेल्याचे ४ गुण गेले ते गेलेच, आणि सुटकेसाठी खर्च झालेली ताकदही गेली. सरावात वाईट जागी अडकून घेऊन तेथून निसटण्यात धन्यता मानणाऱ्यांना, आणि मी त्यांच्यापैकीच एक आहे, स्पर्धेत याचा हिशेब चुकवावा लागतो.

आता तो लहान रकाना. डाव पूर्ण झाला नाही पण होता होता राहिला, तर पंच त्याला अ‍ॅडव्हान्टेज देतात. गार्ड जवळजवळ पास झाला होता, स्वीप झाला पण ३ सेकंद टिकला नाही, गळ्याचा पेच इतका बसला होता की शरणागती होणारच होती, अशा वेळी हे दिले जाते. गुण समान असतील तरच त्याला किंमत येते, पण तेव्हा ती पूर्ण किंमत असते. दुसऱ्या रकान्यात दंड मोजले जातात. मॅटबाहेर पळणे, गीच्या, म्हणजे खेळताना घालायच्या जाड सदरा-विजारीच्या, बाहीत बोटे घालून पकडणे, आणि मुख्य म्हणजे चालढकल करणे, यांसाठी दंड होतो. कुणी डाव पुढे नेण्याचा प्रयत्नच करत नसेल तर पंच २० सेकंद मोजतात आणि मग दंड देतात. पहिल्या दंडाची नुसती नोंद होते, दुसऱ्याला प्रतिस्पर्ध्याला एक अ‍ॅडव्हान्टेज, तिसऱ्याला २ गुण, आणि चौथ्या दंडाला स्पर्धक बाद. निकाल लावताना आधी गुण, गुण समान असतील तर अ‍ॅडव्हान्टेज, तेही समान असतील तर कमी दंड कुणाला, आणि सारेच समान असेल तर पंचांचा निर्णय, असा क्रम आहे. घंटा वाजताना वर कोण होते याला या क्रमात कोठेही जागा नाही. माझ्या सामन्यात त्याने मला सुरुवातीला खाली घेतले, नंतर एकदा माझा गार्ड जवळजवळ पास केला आणि मी शेवटच्या क्षणी गुडघा मध्ये घातला. सुटलो याचा मला आनंद झाला, आणि नेमका तोच क्षण त्या लहान रकान्यात लिहिला गेला.

स्पर्धेत कुणाची गाठ कुणाशी पडेल हे पट्टा, वय आणि वजन या तिघांवरून ठरते. प्रौढांचे पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा या क्रमाने चढतात, आणि त्याप्रमाणे प्रौढ गटात सामन्याची वेळ ५, ६, ७, ८ आणि १० मिनिटे अशी वाढत जाते. वय मोजण्याची रीत साधी आहे: स्पर्धेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करायचे, वाढदिवस झाला की नाही हे पाहत नाहीत. १८ ते २९ हा प्रौढ गट, आणि ३० पासून मास्टर्स गट सुरू होतात. वजनाचा मुद्दा मात्र बारकाईने समजून घ्यावा. महासंघाच्या पद्धतीत वजन गी घालून, पहिल्या सामन्याच्या अगदी आधी करतात. पुरुषांच्या प्रौढ गटात ७६ किलोची मर्यादा असेल तर ती कपड्यांसकट आहे, आणि गी व पट्टा मिळून दीड-दोन किलो सहज भरतात. मर्यादा ओलांडली तर स्पर्धक एकही पकड न घेता बाद होतो, दुसरी संधी नसते. काही जण आदल्या रात्री पाणी तोडून वजन उतरवण्याच्या भानगडीत पडतात. ज्या खेळांत वजन आदल्या दिवशी होते तेथे शरीराला पुन्हा पाणी भरून काढायला वेळ तरी मिळतो, येथे काट्यावरून उतरले की थेट मॅटवर जायचे असते. पहिल्या स्पर्धेला ज्या वजनाने रोज सराव करता, त्याच वजनाच्या गटात नाव द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. एका गटात १६ जण असतील तर एकूण १५ सामने होतात, आणि पहिल्या फेरीनंतर ८ जण एकच सामना खेळून परततात. सहा महिने सराव आणि पाच मिनिटे खेळ, हे गणित आधीच मनाशी पक्के केले तर निराशा कमी होते. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळते, त्यामुळे चार जणांच्या गटात एकमेव सामना हरूनही गळ्यात पदक पडू शकते. अशा पदकाचे छायाचित्र कुठे लावावे हा ज्याचा त्याचा प्रश्न.

स्पर्धेच्या दिवशी सर्वाधिक वेळ वाट पाहण्यात जातो. वेळापत्रक पुढे सरकते, क्वचित मागेही येते. नाव पुकारले की तयारीच्या जागेत जायचे, ओळखपत्र दाखवायचे, वजन द्यायचे आणि गीची तपासणी करून घ्यायची. गी पांढरी, निळी किंवा काळी असावी, सदरा व विजार एकाच रंगाची असावी, कोठे फाटलेली नसावी, आणि हात समोर सरळ केल्यावर बाही मनगटाच्या ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त वर जाऊ नये. कापूस धुऊन आटतो आणि नेमकी आवडती, मऊ पडलेली गी या मापात नापास होते, म्हणून पिशवीत दुसरी असू द्यावी. नखे कापलेली असावीत. त्वचेवर गजकर्णासारखा संसर्ग असेल तर खेळू दिले जात नाही आणि देऊही नये, कारण मॅटवरून तो दहा जणांना होतो.

मग मॅटवर पाय ठेवल्यावर शरीर जे काही करते, त्याची कल्पना सरावात येत नाही. धोक्याच्या जाणिवेने अ‍ॅड्रेनलिन उसळते, हृदयाचे ठोके पहिली पकड घेण्याआधीच वाढलेले असतात, आणि माणूस कॉलर अशी आवळून धरतो की जणू तीच त्याला कड्यावरून लटकवून ठेवते आहे. स्नायू सतत आकुंचित राहिला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, ताजे रक्त पुरेसे पोहोचत नाही, आणि दोन मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा टणक होतो. त्यानंतर बोटे मिटतात खरी, पण पकड राहत नाही. मी दुसऱ्या सामन्यात गीची बाही हातातून सुटताना अक्षरशः पाहत राहिलो, बोटांना आज्ञा पोहोचत होती आणि अंमलबजावणी होत नव्हती. यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. सामन्याच्या साधारण वीस मिनिटे आधी दम लागेल असा, घाम फुटेल असा सराव करून घ्यावा, म्हणजे धडधडीचा पहिला लोंढा तेथेच ओसरतो. आणि सामन्यात, जी पकड त्या क्षणी काही काम करत नाही, ती जाणीवपूर्वक सोडावी.

सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटासाठी एकच ठरलेली योजना असावी, तीन नकोत. उभ्याने खाली घेण्याची हातोटी असेल तर तेच करावे. नसेल तर स्वतःहून खाली बसून गार्ड घेण्याची मुभा आहे. त्याचे गुण कुणालाच मिळत नाहीत, मात्र त्याआधी प्रतिस्पर्ध्याला धरलेले असावे लागते, न धरता नुसते बसले तर दंड होतो. आणि त्याने आधीच तुमचा पाय पकडला असताना बसलात, तर ते त्याने खाली घेतल्यासारखे धरले जाऊन २ गुण त्याच्याकडे जाऊ शकतात. पांढऱ्या पट्ट्यावाल्याला प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर उडी मारून गार्ड घेण्यास मनाई आहे, कारण अशा उडीचा भार समोरच्याच्या गुडघ्यावर येतो. मनाईची बाकी यादीही याच काळजीतून आलेली आहे. मनगट मुरगळणे निळ्या पट्ट्यापासून पुढे, गुडघा ताणणारे पेच तपकिरीपासून पुढे, टाच पिळण्याचा पेच गी घालून खेळताना कुणालाच नाही. टाच पिळली की इजा गुडघ्याला होते आणि वेदना बहुधा उशिरा कळते, म्हणजे टॅप करेपर्यंत अस्थिबंध तुटलेला असू शकतो. उचलून आपटणे हे तर थेट बाद होण्याचे कारण आहे. सरावात मोठ्या पट्ट्यांबरोबर खेळताना यांतले काही अंगवळणी पडलेले असते, म्हणून आपल्या पट्ट्याला काय वर्ज्य आहे ते नियमपुस्तिकेतून स्वतः वाचावे.

स्पर्धेच्या आयोजकांचे नियम वेगळे असतील तर वरचा बराच हिशेब बदलतो. काही स्पर्धांत गुणच नसतात, केवळ शरणागती मोजतात. १९९८ साली अबू धाबी येथे सुरू झालेल्या एडीसीसी स्पर्धेत गी नसते आणि सामन्याच्या पहिल्या टप्प्यात गुण दिले जात नाहीत, त्यामुळे तेथे सुरुवातीला धाडसी पेच टाकून पाहणे परवडते. हौशी स्पर्धांचे आयोजक या पद्धतींतले काही उचलतात, काही गाळतात. नाव नोंदवण्यापूर्वी तो कागद वाचायला पंधरा मिनिटे लागतात.

मॅटच्या कडेला प्रशिक्षकाला बसता येते आणि त्याचे मुख्य काम डाव शिकवणे हे नसतेच. ती वेळ गेलेली असते. त्याने फलक वाचायचा, उरलेला वेळ सांगायचा आणि दोन शब्दांत काय करायचे ते ओरडायचे. तणावाखाली माणसाला लांबलचक सूचना ऐकू येत नाहीत, गोंगाटातून एखादा ओळखीचा शब्दच कानात शिरतो, म्हणून ‘वेळ’, ‘गुण’, ‘पास’ असे शब्द आधी ठरवून सरावात वापरून पाहावे लागतात. आम्ही ते ठरवले नव्हते. सामना सोबतच्या एका मित्राने मोबाइलवर टिपला होता आणि रात्री मी तो पाहिला. चित्रफितीत मी वर आहे, खालच्याचे पाय थकून सैल पडले आहेत, डावीकडून पास करायला ढळढळीत वाट मोकळी आहे, घड्याळात १ मिनिट २० सेकंद उरले आहेत, आणि कडेने माझ्या प्रशिक्षकांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो: ‘एका अ‍ॅडव्हान्टेजने मागे आहेस, पास कर!’ मी मोजले. ते वाक्य ते चार वेळा बोलले होते.